बाजारापुरती भाषा, पुराव्यापुरता भूतकाळ

पैनगंगेच्या उत्तरेला असलेल्या केळापूर तालुक्यात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू आणि बंजाऱ्यांची गोरबोली अशा पाच भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच आठवडी बाजारात वावरत आल्या आहेत. पहिली आणि शेवटची आर्यकुळातल्या, मधल्या तिन्ही द्राविडी. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते केळापूर जगदंबेच्या देवळासाठी ओळखले जाते. तहसील कचेरी, बाजारपेठ, कोर्ट हे सारे मात्र शेजारच्या पांढरकवड्यात. नागपूर-हैदराबाद रस्ता इथूनच जातो आणि पाटणबोरी ओलांडली की नदीपलीकडे आदिलाबाद. त्यामुळे मीठ-मिरची घ्यायला, मोह विकायला किंवा कचेरीत नाव सांगायला दुसऱ्याची भाषा कामापुरती येणे ही इथली नित्याची गरज राहिली. कोणी कोणाची भाषा शिकली, किती शिकली आणि कोणी शिकलीच नाही, यात तालुक्याच्या इतिहासाचा बराच भाग आला.

हा मुलूख दीर्घकाळ चांद्याच्या गोंड राजांच्या प्रभावाखाली होता. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलात वऱ्हाड सापडले. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेवरचा भोसल्यांचा हक्क संपला आणि १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्यानंतर बनलेल्या वणी जिल्ह्यात केळापूर हा एक तालुका होता. १९०५ च्या फेररचनेत पुसद जोडले जाऊन जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. राज्य कोणाचेही असो, वसुलीचे कागद फारसीत नाहीतर मोडी मराठीत लिहिले जात. गोंडीत किंवा कोलामीत कोणत्याही सरकारने सारा मागितला नाही, पावतीही दिली नाही. गोंड राजेसुद्धा याला अपवाद नव्हते.

कोलामांची वस्ती गावापासून अलग, टेकडीच्या अंगाला. तिला ‘पोड’ म्हणतात. पोडाचा प्रमुख नाईक. कोलाम स्वतःला ‘कोलावर’ म्हणवतात, गोंड स्वतःला ‘कोईतूर’. शेजारी असूनही दोघांच्या भाषा एकमेकांना समजत नाहीत: कोलामी ही नायकी, परजी यांच्या गटातली मध्य द्राविडी भाषा, तर गोंडी तेलुगूच्या बाजूची. तरीही कित्येक स्थानिक देवांची पूजा गोंड लोक कोलाम पुजाऱ्याकडूनच करून घेत, कारण या भूमीचे जुने मालक तेच अशी समजूत. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला दुकानदार. त्यांत मराठीभाषक होते तसे तेलंगणातून वर सरकलेले कोमटीही होते. ‘-वार’ने संपणारी आडनावे या पट्ट्यात आजही पावलोपावली भेटतात. घरात तेलुगू, गल्ल्यावर मराठी आणि गिऱ्हाईक पोडावरचे असेल तर गोंडीचे चार शब्द, अशी त्यांची विभागणी. कोलामांपैकीही काही जणांनी आपली भाषा सोडून तेलुगू धरली आणि त्यांना मन्नेवार म्हटले जाऊ लागले. जात तीच, भाषा निराळी, म्हणून नाव निराळे.

भाषा शिकण्याचे ओझे या बाजारात सारखे वाटले गेले नाही. दुकानदाराला पाच-पन्नास शब्दांवर निभावता येई, कारण माल त्याच्याकडे होता, मापही त्याच्याच हातात. कोलामाला तसे चालत नसे. बांबूच्या टोपल्या, मोह, चारोळी, डिंक घेऊन तो यायचा आणि मीठ, कापड, लोखंडी पाते घेऊन जायचा. या देवघेवीतले बहुतेक शब्द त्याच्या भाषेत नव्हतेच. भाव, उधार, मोड, पायली, कुडव, शेर हे सारे बाजाराचे शब्द, वस्तूंबरोबरच पोडावर गेलेले. कोलामी शब्दसंग्रह उघडला तर पाणी, आग, झाड यांसाठी ईर, किस, माक असे अस्सल द्राविडी शब्द मिळतात. पैशाच्या आणि कचेरीच्या व्यवहाराचे शब्द मात्र बव्हंशी मराठी किंवा तेलुगू वळणाचे. घराचा शब्दकोश आणि बाजाराचा शब्दकोश असे दोन थर एकाच भाषेत दिसतात.

मराठी माणसाने कोलामी शिकायची ठरवली तर पहिली अडचण आकड्यांपाशी येते. दोन वस्तू असतील तर ‘इंदिंग’, तीनसाठी ‘मूंदिंग’, चारसाठी ‘नालिंग’. पण दोन पुरुष असतील तर शब्द वेगळा आणि दोन बायका असतील तर आणखी वेगळा. बायकांसाठी स्वतंत्र संख्यावाचक शब्द राखणे ही कोलामीची आणि तिच्या जवळच्या भाषांची खासियत मानली जाते. गंमत अशी, की सर्वनामांत हीच भाषा नेमकी उलटी वागते. तिथे भेद दोनच: एकीकडे पुरुष, दुसरीकडे बाकीचे सगळे. ‘ती’ आणि ‘ते’ यांना एकच रूप. बाई, बैल, दगड एका रांगेत. कोलामी घरात वाढलेल्या माणसाला मराठीतली तीन लिंगे अवघड जातात ती यामुळे. खुर्ची स्त्रीलिंगी का आणि टेबल नपुंसकलिंगी का, हा प्रश्न मराठी शाळेतल्या कोलाम मुलाने विचारला तर त्याला पटेल असे उत्तर कोणत्याही गुरुजींकडे नाही.

काही ठिकाणी वाट सोपी आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे, तसाच कोलामीतही आहे. हिंदीत तो नाही. द्राविडी भाषांत तो जुना आहे आणि मराठीने तो शेजारातून उचलला असावा असे अनेक भाषाभ्यासक मानतात. नकाराचेही काहीसे तसेच. कोलामीत नकार क्रियापदाच्या पोटातच असतो, त्याची वेगळी रूपे चालतात. मराठीतही ‘नको’, ‘नये’, ‘नव्हता’, ‘नाहीस’ अशी नकाराची क्रियापदे आहेतच. शेजारी भाषा न कळताही एकमेकींसारख्या होत जातात, त्याचा हा नमुना.

खरी परीक्षा भूतकाळात. ‘मी येतो’, ‘मीठ दे’, ‘किती झाले’ ही वाक्ये कोणीही दोन बाजारांत शिकतो. ‘काल काय झाले’ हे सांगताना मराठी एकदम रूप पालटते. कोलामीत, गोंडीत आणि तेलुगूत भूतकाळी क्रियापद करणाऱ्याच्या मागे चालते: ज्याने खाल्ले त्याच्या पुरुष-वचनाप्रमाणे शेवट बदलतो, काय खाल्ले याच्याशी क्रियापदाला देणेघेणे नसते. मराठीत ‘तो गेला, ती गेली, ते गेलं’ इथवर गाडी कर्त्याच्या मागे आहे. कर्म आले की ती रूळ बदलते. त्याने भाकर खाल्ली, त्याने आंबा खाल्ला, त्याने पेरू खाल्ले. खाणारा एकच, क्रियापद तीन. कर्माला ‘ला’ लागला की आणखी एक वळण: त्याने मुलीला मारलं, मुलाला मारलं, बैलांना मारलं, सगळीकडे ‘मारलं’च. एवढे पाठ झाले की अपवाद पुढे येतात. ‘मी पाणी प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी ते विसरलो’ यांत कर्म असूनही क्रियापद पुन्हा करणाऱ्याकडे वळते.

या बाबतीत पुस्तकी मराठीपेक्षा वऱ्हाडी शिकणाऱ्याला अधिक मदत करते. प्रमाण मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी भाकर खाल्ली’ यांतला ‘मी’ दिसायला सारखाच. वाक्य कोणत्या रुळावर आहे ते त्यावरून कळत नाही. वऱ्हाडीत ‘म्या भाकर खाल्ली’ म्हणतात. ‘म्या’ ऐकले की पुढे क्रियापद कर्माच्या मागे जाणार हे उघड होते. शाळेत हाच ‘म्या’ खोडून ‘मी’ लिहायला लावतात. शुद्धलेखन साधते, पण नव्या शिकणाऱ्याच्या हातातली एक खूण जाते.

भूतकाळ हा इथे व्याकरणापुरता विषय नव्हता. तोच हिशेब होता. पेरणीच्या वेळी सावकाराकडून धान्य उचलायचे आणि सुगीनंतर फेडायचे, या चक्रात मागच्या साली किती घेतले, त्यातले किती दिले, कोणासमोर दिले, हे सांगता येणे म्हणजे अर्धे कर्ज वाचवणे. सावकाराच्या वहीत ते मराठीत लिहिलेले असे. फेडणाऱ्याच्या डोक्यात ते कोलामीत किंवा गोंडीत असे. ‘घेतले’ आणि ‘दिले’ यांतला कर्ता कोण, हे मराठी वाक्यात ‘ने’ आणि ‘ला’ या दोन छोट्या प्रत्ययांवर ठरते. ‘त्याने मला दिले’ आणि ‘मी त्याला दिले’ यांची गफलत बाजारात हसण्यावारी जाते, दस्तऐवजावर जात नाही. खाली अंगठा उठला की वाक्य पक्के झाले.

या बोलाचालीच्या शिक्षणाला पुस्तक कधीच नव्हते. पुस्तके लिहिली ती दुसऱ्या बाजूने आलेल्यांनी, आणि त्यांची परंपरा केळापूरपेक्षा बरीच जुनी आहे. वेंगुर्ल्यापासून सुरतेपर्यंत वखारी घालणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर योआन योसुआ केटेलार याने डच भाषेत हिंदुस्तानीचे व्याकरण लिहिले. त्याची १६९८ ची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. हिंदुस्तानीचे हे सर्वांत जुने ज्ञात व्याकरण. विषयवार शब्दांच्या याद्या आणि क्रियापदांची रूपे अशी त्याची मांडणी व्यापाऱ्याच्या गरजेतून आलेली आहे. मराठीला असा ग्रंथ १८०५ मध्ये श्रीरामपूरला मिळाला. विल्यम केरीने मराठी व्याकरण छापले आणि त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले. या कामात त्याचा हात धरणारे पंडित वैजनाथशास्त्री नागपूरकडचे. परक्याला मराठी बाजारहाट शिकवणाऱ्या सुरुवातीच्या छापील पुस्तकामागे एक वैदर्भी माणूस होता, हे विदर्भात फारसे सांगितले जात नाही.

केळापूरच्या जंगलातल्या भाषांकडे पहिला लक्षपूर्वक वळलेला परका म्हणजे नागपूरचा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. तो १८६३ मध्ये पुरात बुडून मेला. त्याचे टिपण रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात गोंडी, नायकुडे, कोलामी, कैकाडी अशा बोलींचे शब्द शेजारीशेजारी मांडलेले आहेत. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या रानात राहणाऱ्या नायकुडे गोंडांची नोंद त्यातच आहे. पण हिस्लॉपचे मोठे काम वेगळे. एका परधानाच्या तोंडून त्याने लिंगोची दीर्घ गोंडी कथा उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे भाट. किंगरीवर यजमानांच्या कुळांचा इतिहास गाणे हे त्यांचे काम. म्हणजे गोंडांचा भूतकाळ सांगण्याची जबाबदारी एका वेगळ्या जातीकडे होती आणि तिचे पोट त्यावर चालत असे. मीठमिरचीच्या भाषेवर न थांबता कोणी परका गोंडीच्या कथनापर्यंत पोहोचला तो बहुधा इथे पहिल्यांदा.

त्यानंतर वऱ्हाडातला इंग्रज अधिकारी वुल्झली हेग याने १८९७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात गोंडी आणि कोलामी यांची तौलनिक शब्दसूची छापली. पुढे दख्खनच्या मुसलमानी राजवटींचा इतिहासकार म्हणून तो नावारूपाला आला. ही सूची पाच-सात पानांची, पण वऱ्हाडात काम करणाऱ्या माणसाने केलेली, म्हणून महत्त्वाची.

ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. मुंडा आणि द्राविडी भाषांचा हा खंड नॉर्वेजियन विद्वान स्टेन कोनो याने सिद्ध केला. कोलामी ही गोंडीची पोटबोली नव्हे, हे त्यात स्पष्ट झाले. पुसद तालुक्यातल्या भिल्लांची म्हणून कळवलेली ‘भिली’ प्रत्यक्षात कोलामीसारखीच निघाली, तेव्हा जातीच्या नावावरून भाषा ठरवणाऱ्या कारकुनांची पद्धतही उघडी पडली. सर्वेक्षणासाठी प्रत्येक भाषेतून तीन गोष्टी मागवल्या होत्या: बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या कथेचा अनुवाद, स्थानिक कथनाचा एखादा तुकडा आणि २४१ शब्द-वाक्यांची ठरलेली यादी. उधळ्या पुत्राची कथा निवडण्याचे कारण ग्रियर्सनने स्वतः दिले आहे. तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्त्या आणि तिन्ही काळ तिच्यात येतात. बाप-लेकाच्या वाटणीची ही गोष्ट मुख्यतः भूतकाळात चालते. ती सांगता आली की भाषेचे अर्धे व्याकरण कागदावर उतरते. इंग्रजी न येणाऱ्या अनुवादकांसाठी ती भारतीय भाषांतून आधीच छापून वाटली होती. त्यामुळे एखाद्या भाषेतले भाषांतर बायबलच्या इंग्रजीवरून झाले की शेजारच्या देशी भाषेवरून, हे नमुन्यागणिक तपासावे लागते.

यादीतली वाक्ये मात्र वेगळ्याच जगाची आहेत. १८६६ मध्ये जॉर्ज कॅम्पबेलच्या पुढाकाराने तयार झालेल्या यादीवर ती आधारलेली. त्यांत घोड्याचे वय विचारले आहे, पांढऱ्या घोड्याच्या खोगिराचा उल्लेख आहे, इथून काश्मीर किती लांब हे विचारले आहे. एखाद्या वस्तूची किंमत अडीच रुपये सांगितली आहे. ती कोणाकडून घेतली असे विचारून गावातल्या दुकानदाराकडून घेतल्याचे उत्तरही दिले आहे. विहिरीतून पाणी काढायला सांगणारे वाक्य आहे, पुढे चालायला सांगणारे आहे आणि कोणाला तरी चांगले मारून दोरीने बांधायला सांगणारेही आहे. दौऱ्यावरच्या साहेबाचा दिवस त्या यादीत पूर्ण सापडतो: घोडा, पाणी, दुकान, आरोपी. टोपल्या विणणाऱ्या कोलामाला काश्मीरचे अंतर विचारण्याचे प्रयोजन पडले नसते. मोहाची पायली कितीला जाते, हे वाक्य यादीत नाही. एखाद्या भाषेचा प्राथमिक धडा ज्याला शिकायचा आहे त्याच्या कामांवर बेतला जातो, बोलणाऱ्याच्या कामांवर नाही. सर्वेक्षणाच्या यादीत हे जितके उघड दिसते तितके क्वचितच दिसते. तरीही याच यादीमुळे वणी-केळापूरच्या रानातली भाषा सबंध उपखंडातल्या भाषांशेजारी ठेवून पाहता आली, हेही नाकारता येत नाही.

कोलामीचा सखोल अभ्यास केला तो मरे एमेनो या कॅनडात जन्मलेल्या आणि बर्कलीत शिकवणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाने. १९३५ ते १९३८ या भारतातल्या मुक्कामात त्याने निलगिरीतल्या तोडा, कोटा भाषांबरोबर वर्धा जिल्ह्यातली कोलामीही टिपली आणि १९५५ मध्ये तिचे व्याकरण व शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. वर्धेची कोलामी आणि केळापूरची कोलामी यांत दुरावा थोडा, त्यामुळे यवतमाळकडच्या अभ्यासकालाही आधार त्याच पुस्तकाचा. पुढच्याच वर्षी एमेनोने भारत हा एक भाषिक प्रदेश आहे, वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा इथे शेजारामुळे एकसारख्या झाल्या आहेत, हा प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. मराठी आणि द्राविडी भाषांच्या सीमेवरचे असे बाजार त्या सिद्धान्ताची जिवंत उदाहरणे आहेत. टी. बरो आणि एमेनो यांच्या १९६१ च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात कोलामी शब्द पानोपानी येतात, आणि त्यांत हिस्लॉप व हेग यांची जुनी टिपणेही नावानिशी वापरलेली आहेत.

मराठी माणसांपैकी या भाषांत खऱ्या अर्थाने उतरले ते सेतुमाधवराव पगडी. निलंग्याला १९१० मध्ये जन्मलेले पगडी महाराष्ट्राला फारसी साधनांचे जाणकार आणि शिवकालाचे इतिहासकार म्हणून माहीत आहेत. त्याआधी ते हैदराबाद संस्थानच्या सेवेत होते आणि आदिलाबाद जिल्ह्यात त्यांचा गोंड-कोलामांशी संबंध आला. ते दोन्ही भाषा शिकले. त्यांचे कोलामी व्याकरण १९५० मध्ये निघाले, एमेनोच्या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी. गोंडी व्याकरणही त्यांनी लिहिले. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याने स्थानिक भाषा शिकणे ही हेगचीच परंपरा. फरक असा, की पगडींना मराठी आणि तेलुगू दोन्ही येत होत्या, त्यामुळे कोलामीतला कोणता शब्द कोणत्या दारातून आत आला हे त्यांना ऐकताच कळे. ही दोन्ही व्याकरणे इंग्रजीत आहेत. एवढ्या मोठ्या मराठी लेखकाने केलेले काम मराठी वाचकाला मराठीत मिळाले नाही, ही या इतिहासातली खटकणारी गोष्ट.

पगडींच्या कामाला एक पार्श्वभूमी होती. १९४० मध्ये आदिलाबादच्या बाबेझरीत गोंड पुढारी कुमरा भीमचा उठाव बंदुकीने मोडल्यावर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ याला गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करायला सांगितले. त्याच्या शिफारशीवरून १९४३ मध्ये मारलावाई या खेड्यात गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र उभे राहिले. तिथली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. त्या भागातल्या ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीमुळे होती, म्हणून ही निवड. आधी आपली भाषा वाचायची, मग बाजाराची, असा क्रम लावणारा हा प्रयोग. पैनगंगेच्या दक्षिण तीरावर झाला, उत्तरेला त्याची नक्कल झाली नाही.

१९५६ मध्ये केळापूरजवळची नदी ही भाषावार राज्यांची सीमा झाली. किनवट आणि राजुरा मराठीकडे आले, उरलेले आदिलाबाद आंध्रात गेले आणि तिथल्या शाळा तेलुगू झाल्या. केळापूर आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. इथल्या कोलाम मुलांना शाळेत मराठीच मिळाली. एकाच सोयरिकीतली माणसे काठानुसार वेगळ्या लिपीत सही करू लागली. अलीकडच्या कोलामीत नवे शब्द मराठी वाटेने येतात, पलीकडे तेलुगू वाटेने.

कागदोपत्री कोलाम कोण, हेही तालुक्याच्या हद्दीवर ठरत होते. १९५० च्या अनुसूचित जमातींच्या यादीत यवतमाळ जिल्ह्यातले केळापूर, वणी आणि यवतमाळ हे तीनच तालुके होते. हद्द ओलांडून बाहेर राहणाऱ्या कोलामाची भाषा तीच, देव तेच, पण सवलत नाही. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. पुढे कोलामांचा समावेश विशेष असुरक्षित गटांत झाला. महाराष्ट्रात कातकरी आणि माडिया गोंड हे असे दुसरे दोन. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने केळापूर तालुक्यातली कित्येक गावे अनुसूचित क्षेत्रात आली आणि पांढरकवड्याला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आश्रमशाळा, खावटी कर्ज, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाची खरेदी केंद्रे यांमुळे मराठी आता बाजाराच्या दिवसापुरती राहिली नाही. अर्ज, दाखला, पासबुक, दवाखान्याचा केसपेपर, सगळे मराठीत.

२०११ च्या जनगणनेत देशभरात कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या थोडे वर भरले. यवतमाळ आणि आदिलाबाद हे त्यांचे दोन मुख्य गड. गणेश देवी यांच्या लोकभाषा सर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये मराठीतून निघाला आणि त्यात कोलामीची माहिती आली. ग्रियर्सनच्या यादीपेक्षा त्याची घडण निराळी होती: गाणी, कथा, नात्यांचे शब्द, रंगांची आणि काळाची नावे, म्हणजे बोलणाऱ्याच्या बाजूच्या गोष्टी.

भूतकाळ सांगण्याची गरज मात्र बाजारातून कचेरीत गेली. महाराष्ट्राच्या १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी खातेदारांना परत मिळण्याची सोय केली. अर्जदाराला जमीन कधी गेली, कशी गेली, कोणाच्या नावे गेली हे सांगावे लागे. ज्याचा काळ पावसाळ्यांवर आणि देवकार्यांवर मोजला जातो त्याला या दोन तारखांच्या मध्ये आपली हकीकत बसवणे भाग पडले. २००६ च्या वनहक्क कायद्याने दुसरी तारीख आणली: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा. या वेळी कागद नसलेल्यांसाठी एक वाट ठेवलेली होती. २००८ च्या नियमांतल्या १३ व्या नियमाप्रमाणे दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली माहिती पुरावा म्हणून चालते. शिवाय असुरक्षित गटांना आपल्या पारंपरिक अधिवासावर हक्क सांगता येतो. त्यामुळे पोड कधी बसले, आधी कुठे होते, कोलामांच्या भीमदेवाचे ठाणे कोणत्या टेकडीवर होते, वहिती कोणी सुरू केली, या आठवणींना कायद्यात किंमत आली.

पोडावरचा म्हातारा ही हकीकत आपल्या भाषेत सांगतो तेव्हा प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी करणारा कोण ते ठरलेले असते. वनहक्क समितीच्या कागदावर ती मराठीत उतरते: आम्ही जंगल तोडले, शेत केले, विहीर खणली. उतरवून घेणारा बहुधा आश्रमशाळेत शिकलेला, दोन्ही भाषा येणारा गावातलाच तरुण असतो. ‘ने’ आणि ‘ला’ जागच्या जागी पडले आहेत की नाही, हे सही करण्यापूर्वी त्यालाच पाहावे लागते.